झाड आणि जाळे
मोठ्या आज्ञावलीत संगणक वाट कशी काढतो?

सकाळी मुख्याध्यापक सूचनावहीत चार ओळी लिहितात आणि शिपाई ती वही घेऊन निघतो. पाचवीच्या अ तुकडीत जातो, मग ब तुकडीत, मग क तुकडीत. पाचवी संपली की सहावी, सहावी संपली की सातवी. त्याच्या हातात तीस खोल्यांची यादी नसते. 'एकेक इयत्ता घ्यायची आणि त्या इयत्तेतली प्रत्येक तुकडी घ्यायची' एवढा एकच नियम त्याला पुरतो. पुढच्या वर्षी आठवीला आणखी एक तुकडी निघाली तरी नियम बदलत नाही.

दुपारी नेमके उलट्या दिशेचे काम असते. आज शाळेत किती मुले हजर आहेत हा आकडा मुख्याध्यापकांना हवा असतो. तो खालून वर येतो. वर्गशिक्षक तुकडीची बेरीज करतात, तुकड्यांच्या बेरजेवरून इयत्तेचा आकडा निघतो आणि इयत्तांवरून शाळेचा. शेवटच्या तुकडीचा कागद येईपर्यंत मुख्याध्यापकांना आपला आकडा लिहिता येत नाही.

आता तिसरे काम पाहा. वार्षिक निकालपत्रक करायचे आहे. मराठीच्या बाई तीन इयत्तांना शिकवतात, हजेरीची टक्केवारी कार्यालयातून येते, उशिरा दाखल झालेल्या मुलांची नावे प्रवेशाच्या नोंदवहीत असतात. इयत्ता-तुकडी ही उतरंड इथेही आहे. पण कामाचे धागे तिच्या आडवे-तिडवे जातात.

संगणकाच्या मोठ्या आज्ञावलीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, हीच तीन प्रकारची कामे रोज करावी लागतात. पहिली दोन कामे 'झाडा'ची आहेत, तिसरे 'जाळ्या'चे. तिसरे काम पहिल्या दोहोंच्या पद्धतीने केले तर काय होते, हे या लेखात पाहायचे आहे.

झाडाचा आकार

उदाहरणासाठी लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा घेऊ. त्याला 'केर्नेल' म्हणतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला, तेव्हा त्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. आज त्यात ३ कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्या ७०,००० हून अधिक फायलींमध्ये विभागल्या आहेत. जगभरातील हजारो लोक त्यात भर घालतात. त्यांतल्या एकालाही सर्व ओळी ठाऊक असणे शक्य नाही.

म्हणून या फायली फोल्डरांत लावलेल्या आहेत. सर्वांत वरच्या फोल्डरला 'मूळ' म्हणतात. त्याच्या आत एकेका उपप्रणालीचे फोल्डर आहे: स्मृतीची वाटणी पाहणारे 'एमएम', फाइल-पद्धतींचे 'एफएस', जोडणीजाळ्याचे 'नेट', ध्वनीचे 'साउंड' आणि निरनिराळ्या यंत्रभागांना चालवणाऱ्या आज्ञावलींचे भलेमोठे 'ड्रायव्हर्स'. प्रत्येकाच्या आत आणखी फोल्डर असतात. इंटेल कंपनीच्या एका प्रकारच्या नेटवर्क कार्डाची आज्ञावली पाहायची असेल तर वाट अशी आहे:

मूळ
 └ ड्रायव्हर्स
    └ नेट
       └ इथरनेट
          └ इंटेल
             └ ई१०००

पत्ता लिहिताना आपण राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे उतरत जातो, तसेच हे आहे. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची ही कल्पना लिनक्सच्या कितीतरी आधीची आहे. 'मल्टिक्स' या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये ती सविस्तर मांडली. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून उभ्या केलेल्या युनिक्समुळे ती सर्वत्र पसरली. या आकाराला गणितात 'वृक्ष' म्हणतात. प्रत्येक फोल्डरला वरचा फोल्डर एकच असतो, म्हणून मुळापासून कोणत्याही फायलीपर्यंत जाणारी वाटही एकच असते. फक्त हे झाड उलटे आहे. मूळ वर आणि पाने खाली.

दोन ओळींचा नियम

पडद्यावर चित्रे टिचकावण्याऐवजी आज्ञा टंकित करून काम करण्याची पद्धत युनिक्सच्याही आधीची आहे आणि ती आजही वापरात आहे. तिच्यातली एक जुनी आज्ञा म्हणजे 'फाइंड', अर्थात 'शोध'. १९७० च्या दशकात ती युनिक्समध्ये आली. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित करतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) सुरुवात कोणत्या फोल्डरपासून करायची ते सांगितले, की फाइंड त्याच्या पोटातील प्रत्येक फोल्डरला आणि फायलीला भेट देते. सोबत अट सांगता येते: अमुक नावाची, तमुक आकाराहून मोठी, गेल्या आठवड्यात बदललेली.

झाडाचा आकार तिला आधी माहीत नसतो. तरी ती कुठे चुकत नाही, कारण तिचा नियम शिपायाच्या नियमासारखाच आहे:

१. या फोल्डरात काय काय आहे ते पाहा.
२. त्यात जे जे उपफोल्डर असतील, त्या प्रत्येकासाठी हाच नियम पुन्हा लावा.

दुसऱ्या ओळीत नियम स्वतःलाच बोलावतो. याला 'पुनरावर्तन' म्हणतात. असा नियम कधी थांबणार, ही शंका विद्यार्थी हमखास काढतात. उत्तर सोपे आहे. ज्या फोल्डरात उपफोल्डर नाही तिथे दुसऱ्या ओळीला करण्यासारखे काही उरत नाही, आणि नियम आल्या वाटेने एक पायरी वर परततो.

परतताना 'मी कुठे होतो?' हे लक्षात ठेवावे लागते. त्यासाठी संगणक चिठ्ठ्यांची चळत ठेवतो. खाली उतरताना एक चिठ्ठी चळतीवर ठेवायची, वर येताना सर्वांत वरची चिठ्ठी उचलायची. ही चळत किती उंच होईल, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. समजा, प्रत्येक फोल्डरात १० उपफोल्डर आहेत आणि मुळाखाली अशा ५ पातळ्या आहेत. एकूण फोल्डर झाले १ + १० + १०० + १,००० + १०,००० + १,००,०००, म्हणजे १,११,१११. पण चळतीत एका वेळी फक्त ६ चिठ्ठ्या असतात, कारण चिठ्ठ्या लागतात त्या फक्त मुळापासून आत्ताच्या जागेपर्यंतच्या. याउलट, आधी एक संपूर्ण पातळी पाहायची आणि मग पुढच्या पातळीवर जायचे असे ठरवले, तर शेवटच्या पातळीचे १,००,००० पत्ते एकदम लक्षात ठेवावे लागतील. पहिल्या पद्धतीला 'खोलीप्रथम' आणि दुसरीला 'पातळीप्रथम' फेरी म्हणता येईल. फाइंड खोलीप्रथम जाते.

आधी आई की आधी मूल?

खोलीप्रथम फेरीतही एक निवड राहते. फोल्डरावरचे काम त्याच्या पोटात शिरण्यापूर्वी करायचे की पोटातले सगळे संपल्यावर? सूचनावही आणि हजेरी यांतला फरक तो हाच.

मूळ फोल्डरची प्रत दुसरीकडे उभी करायची असेल तर आईचे फोल्डर आधी तयार व्हायला हवे. नाहीतर मुलाला ठेवणार कुठे? उलट एखादा फोल्डर काढून टाकायचा असेल तर त्यातले सर्व काही आधी काढावे लागते. युनिक्समधली 'आरएमडीआयआर' ही आज्ञा रिकामा नसलेला फोल्डर काढायला साफ नकार देते. कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली हे सांगणारी 'डीयू' ही आज्ञाही मुलांची बेरीज झाल्यावरच आईचा आकडा छापते.

फाइंड एरवी आई आधी घेते. 'डेप्थ' हा शब्द जोडला तर मुले आधी घेते. तिला 'प्रून', म्हणजे 'ही फांदी छाटा', असेही सांगता येते. मग ती त्या फोल्डरात शिरतच नाही. पण डेप्थ आणि प्रून एकत्र दिले तर छाटणी निष्फळ ठरते. असे का होते? डेप्थमुळे आईची पाळी मुलांनंतर येते. आईपाशी 'आत शिरू नका' ही पाटी वाचेपर्यंत सगळी मुले पाहून झालेली असतात. विद्यार्थ्यांना ही जोडी देऊन 'काय होईल?' असे विचारावे. क्रम समजला आहे की नाही, ते लगेच कळते.

क्रमाचे महत्त्व आणखी एका ठिकाणी जिवावर बेतते. फाइंडला दिलेल्या अटी ती डावीकडून उजवीकडे तपासते. 'नाव जुने असेल तर, पुसून टाका' अशी आज्ञा असेल तर फक्त जुन्या नावाच्या फायली पुसल्या जातात. पण घाईत 'पुसून टाका' आधी आणि नावाची अट नंतर लिहिली, तर त्या झाडावरची प्रत्येक गोष्ट पुसली जाते आणि मग तिचे नाव तपासले जाते. म्हणून जाणकार आधी तीच आज्ञा 'पुसा'ऐवजी 'नावे छापा' असे सांगून चालवतात, यादी डोळ्यांखालून घालतात आणि मगच पुसण्याचे धाडस करतात.

एक अडचण राहिली. युनिक्समध्ये 'खरी वस्तू तिकडे आहे' असे सांगणारी नुसती चिठ्ठी फोल्डरात ठेवता येते. तिला सांकेतिक दुवा म्हणतात. समजा, खालच्या फोल्डरातली चिठ्ठी आपल्याच आजीकडे बोट दाखवत असेल, तर तिच्यामागे जाणारा पुन्हा वर येईल, पुन्हा खाली उतरेल आणि जन्मभर फिरत राहील. म्हणून फाइंड एरवी अशा चिठ्ठ्यांच्या मागे जातच नाही. 'जा' असे मुद्दाम सांगितलेच, तर वाटेत आपलाच पूर्वज पुन्हा भेटतो आहे का हे ती तपासते आणि तसे झाल्यास तक्रार करून मागे फिरते. ही चिठ्ठी म्हणजे झाडात शिरलेला जाळ्याचा पहिला धागा. आतापर्यंतचा सुटसुटीत नियम एका धाग्यानेही अडखळतो, हे ध्यानात ठेवू.

एका वाया गेलेल्या सकाळची गोष्ट

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीच्या फायली संगणक थेट चालवू शकत नाही. 'कंपायलर' त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. दर फायलीची एक रूपांतरित फाइल तयार होते आणि शेवटी या सगळ्या जोडून आज्ञावली बनते. शंभर फायलींपैकी एक बदलली, तर शंभरही पुन्हा रूपांतरित करण्यात वेळ फुकट जातो. म्हणून पूर्वी लोक बदललेल्या तेवढ्याच फायली आठवणीने रूपांतरित करत.

आठवण दगा देते. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे नाणावलेले संगणकतज्ज्ञ आपल्या आज्ञावलीतला दोष शोधत बसले होते. त्यांची सगळी सकाळ त्यात गेली. शेवटी कळले, की दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. दुरुस्त फाइल पुन्हा रूपांतरित करायची तेवढी राहून गेली होती. यंत्र चालवत होते ती जुनी प्रत. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनाही असाच अनुभव नुकताच आला होता. त्यांनी यावर उपाय म्हणून 'मेक' ही आज्ञा लिहिली. पुढे २००३ मध्ये त्यांना त्यासाठी 'एसीएम' या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

मेकची कल्पना साधी आहे. कोणती फाइल कोणत्या फायलींवरून तयार होते, हे एका यादीत लिहून ठेवायचे. प्रत्येक फायलीवर ती शेवटची कधी बदलली याची वेळ संगणक नोंदवतोच. तयार फाइल तिच्या मूळ फायलींपेक्षा जुनी असेल तर ती शिळी झाली. ती पुन्हा करा. नवी असेल तर हात लावू नका. माणसाच्या आठवणीची जागा लेखी यादीने आणि घड्याळाने घेतली.

फोल्डर ओलांडताना होणारी चूक

आज्ञावल्या वाढल्या तसे त्यांचे फोल्डर वाढले. मग एक सोयीची रीत पडली. प्रत्येक फोल्डरात त्याची स्वतःची मेक-यादी ठेवायची. वरची यादी एवढेच सांगणार: 'पहिल्या उपफोल्डरात जा आणि मेक चालवा, मग दुसऱ्यात जा आणि मेक चालवा.' हा आपला ओळखीचा दोन ओळींचा नियम झाला. त्याला 'पुनरावर्ती मेक' म्हणतात. प्रत्येक उपप्रणालीचे लोक आपापले घर सांभाळतात आणि दुसऱ्याच्या यादीत कोणी ढवळाढवळ करत नाही.

यात खोच कुठे आहे, ते पाहण्यासाठी एका शाळेच्या निकालाची काल्पनिक रचना घेऊ. तीन फोल्डर आहेत:

गुण: गुणवही, गुणतक्ता
निकाल: प्रवेशयादी, तुकडीयादी, निकालपत्र
हजेरी: हजेरीवही, टक्केवारी

गुणवही, प्रवेशयादी आणि हजेरीवही या माणसाने भरायच्या फायली आहेत. बाकीच्या चार संगणक तयार करतो. गुणतक्ता गुणवहीवरून होतो आणि तुकडीयादी प्रवेशयादीवरून. टक्केवारीला हजेरीवही आणि तुकडीयादी दोन्ही लागतात. निकालपत्राला तुकडीयादी, गुणतक्ता आणि टक्केवारी लागते.

एक मुलगी वर्षाच्या मध्यात शाळेत आली. तिचे नाव प्रवेशयादीत घालायचे राहिले होते. ते आज घातले आणि पुनरावर्ती मेक चालवली. ती आधी गुण या फोल्डरात गेली. तिथे करण्यासारखे काही नव्हते. मग निकालमध्ये गेली. प्रवेशयादी बदलली आहे, म्हणून नवी तुकडीयादी केली. तुकडीयादी बदलली, म्हणून नवे निकालपत्र केले. पण त्यासाठी वापरलेली टक्केवारी जुनी आहे. त्यात या मुलीचे नाव नाही. त्यानंतर मेक हजेरीत गेली आणि तिने टक्केवारी नवी केली. काम संपले. पडद्यावर चुकीची एकही सूचना नाही. निकालपत्रात मात्र मुलीच्या नावापुढे हजेरीचा रकाना कोरा आहे.

मग हजेरी आधी घ्यावी, असे कोणीही सुचवेल. घेऊन पाहा. हजेरीत शिरताना तुकडीयादी अजून जुनी आहे, म्हणून टक्केवारी जशीच्या तशी राहते. मग निकालमध्ये तुकडीयादी नवी होते आणि निकालपत्र पुन्हा जुन्याच टक्केवारीवर तयार होते. रकाना पुन्हा कोरा.

फायलींचा बरोबर क्रम अस्तित्वात आहे: तुकडीयादी, मग टक्केवारी, मग निकालपत्र. पण या क्रमात निकालमधून हजेरीत जाऊन पुन्हा निकालमध्ये यावे लागते. एकेका फोल्डरात एकदाच शिरणारी फेरी हे करूच शकत नाही. फोल्डर कोणत्याही क्रमाने लावा, बरोबर क्रम सापडणार नाही, कारण फोल्डरांच्या पातळीवर तो नाहीच.

प्रत्यक्षात लोक काय करत? मेक दोनदा चालवत. दुसऱ्या फेरीत चूक सुधारते. धागे याहून लांब असतील तर तीनदा चालवत. नाहीतर सगळ्या तयार फायली पुसून पहिल्यापासून सुरुवात करत. पण तशानेही क्रम चुकीचाच राहतो. हवी ती फाइल अजून तयारच नसते आणि मेक मध्येच थांबते. १९७६ मधल्या वाया गेलेल्या सकाळीवर जो उपाय निघाला होता, तोच फोल्डरा-फोल्डरात तुकडे करून वापरल्यामुळे निकामी झाला. ऑस्ट्रेलियातील पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये एका गाजलेल्या निबंधात हे निदान केले. दोष मेकचा नाही, असे त्यांनी दाखवले. प्रत्येक फोल्डरातल्या मेकला जाळ्याचा फक्त आपल्या घरातला तुकडा दिसतो आणि अपुऱ्या माहितीवरून ती अचूक तर्क करते. त्यांचा उपाय असा: याद्या हव्या तर फोल्डरा-फोल्डरात ठेवा, पण मेकला त्या सगळ्या एकत्र जोडून, एकच जाळे म्हणून वाचायला द्या. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली 'निन्जा' ही आज्ञा अशीच सबंध प्रकल्पाचे एक जाळे समोर ठेवून चालते.

लिनक्स कसे निभावते?

गंमत अशी, की लिनक्सचा केर्नेल आजही फोल्डरा-फोल्डरात उतरूनच बांधला जातो. प्रत्येक फोल्डरात छोटीशी यादी असते. इंटेलच्या फोल्डरातली यादी सांगते, की ई१००० हवे असे ठरले असेल तरच त्या फोल्डरात उतरा. नको असलेल्या फांद्या अशा जागच्या जागी छाटल्या जातात. केर्नेलमध्ये थेट बसवायचे जे भाग खाली तयार होतात, त्यांचा एकेक गठ्ठा वरच्या फोल्डराकडे जातो, तिथून आणखी वर आणि शेवटी मुळाशी सर्व गठ्ठे जोडले जातात. आपली दुपारची हजेरीच ही.

मग चूक का होत नाही? आडवे धागे आधीच वेगळे काढलेले आहेत. अनेक उपप्रणालींना लागणाऱ्या सामाईक घोषणांच्या फायली 'इन्क्लूड' या एका फोल्डरात असतात. त्यांपैकी ज्या संगणकाने तयार करायच्या, त्या खाली उतरण्यापूर्वी एका पूर्वतयारीच्या पायरीत करून घेतल्या जातात. त्यानंतर ध्वनीच्या फोल्डरला जोडणीजाळ्याच्या फोल्डरातल्या तयार मालाची वाट पाहावी लागत नाही; दोघांचा माल शेवटच्या जोडणीत एकत्र येतो. आपल्या शाळेच्या उदाहरणात तुकडीयादी निकालमधून काढून एका सामाईक फोल्डरात ठेवली आणि ती सर्वांत आधी तयार केली, तर हजेरी, गुण, निकाल हा साधा क्रमही पुरतो. म्हणजे झाडाची फेरी वापरायला हरकत नाही. मात्र आडवे धागे कुठे आहेत ते आधी कळलेले असावे लागते.

एखाद्या फायलीत दुरुस्ती सुचवायची तर ती कोणाकडे पाठवायची, हा प्रश्नही लिनक्समध्ये असाच सोडवतात. 'मेंटेनर्स' नावाच्या फायलीत प्रत्येक उपप्रणालीचे राखणदार आणि त्यांच्या ताब्यातल्या वाटा लिहिलेल्या आहेत. २००९ मध्ये सामील झालेली 'गेट-मेंटेनर' ही छोटी आज्ञावली फायलीची वाट त्या यादीशी ताडून नावे सांगते. यादीत राखणदार सापडला नाही, तर ती त्या फायलीच्या बदलांचा इतिहास पाहते आणि अलीकडे तिथे कोणी काम केले ते शोधते. आधी झाड पाहायचे आणि तिथे उत्तर नसेल तर माणसांचे जाळे, अशी तिची रीत आहे.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. सात कार्डे घ्या. त्यांवर वरच्या सात फायलींची नावे लिहा. प्रत्येक कार्डाच्या मागे, ते तयार होण्यासाठी कोणती कार्डे लागतात ते लिहा. वहीच्या कागदाची तीन पाकिटे करून त्यांवर गुण, निकाल, हजेरी अशी नावे घाला आणि कार्डे त्यांत ठेवा.

प्रयोग पहिला. एकेक पाकीट एकदाच उघडायचे आणि त्यातली सर्व कार्डे संपवूनच ते बंद करायचे, अशी अट घाला. कार्ड मांडण्यापूर्वी त्याला लागणारी कार्डे फळ्यावर आलेली असली पाहिजेत. तीन पाकिटांचे क्रम सहाच आहेत. मुलांना सहाही करून पाहू द्या. एकही क्रम जमणार नाही आणि प्रत्येक वेळी कोणत्या कार्डापाशी अडले ते त्यांना बोट ठेवून सांगता येईल.

प्रयोग दुसरा. पाकिटे बाजूला ठेवा आणि सातही कार्डे टेबलावर पसरा. ज्या कार्डाला कोणाचीही वाट पाहायची नाही ते उचला आणि फळ्यावर लावा. बाकीच्या कार्डांच्या मागे त्याचे नाव असेल तर तिथे काट मारा. आता ज्याची सर्व नावे काटली गेली ते कार्ड मोकळे झाले, ते उचला. असे शेवटपर्यंत करा. ही रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मोठ्या प्रकल्पांतल्या कामांचा क्रम लावण्यासाठी प्रसिद्ध केली. मध्येच अशी वेळ आली, की कार्डे उरली आहेत पण मोकळे एकही नाही, तर उरलेल्यांत कुठेतरी वर्तुळ आहे; 'तू आधी, मग मी' असे सगळेच म्हणत आहेत. तेव्हा क्रम लावणे अशक्य आहे आणि आखणीच बदलायला हवी. हे उत्तरही उपयोगाचे आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पुढचा प्रश्न: सात कार्डांचे एकूण ५,०४० क्रम होतात. त्यांतले बरोबर किती? निकालपत्र नेहमी शेवटी येणार. उरलेल्या सहांत प्रवेशयादी, तुकडीयादी, हजेरीवही, टक्केवारी हा एक गट आहे. त्याचे बरोबर क्रम ३ होतात, कारण टक्केवारी शेवटी, प्रवेशयादी तुकडीयादीच्या आधी आणि हजेरीवही त्यांच्यात कुठेही. गुणवही आणि गुणतक्ता हा दुसरा गट. त्याचा क्रम एकच. सहा जागांपैकी दोन जागा दुसऱ्या गटासाठी १५ प्रकारे निवडता येतात. म्हणून बरोबर क्रम १५ × ३ = ४५. ते सर्व ४५ सारखेच चांगले आहेत. संगणकाला कोणताही एक सापडला तरी पुरे.

आपल्या पाठ्यपुस्तकांतही ही दोन्ही चित्रे आहेत. सजीवांच्या वर्गीकरणाचा तक्ता झाडासारखा काढलेला असतो, तर अन्नजाळ्याचे चित्र नावाप्रमाणेच जाळ्यासारखे. बेडूक कोणत्या वर्गात येतो ते पहिल्या चित्रात सापडते. तळ्यातले बेडूक नाहीसे झाले तर कोणावर काय परिणाम होईल, हे मात्र त्या चित्रात कितीही वर-खाली फिरून कळत नाही. सातवी-आठवीच्या मुलांपुढे दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत आणि विचारावे: कोणत्या प्रश्नासाठी कोणते चित्र उघडाल? पाकिटांचा प्रयोग त्यानंतर केला तर तो अधिक लवकर समजेल.